कुळीथ, फणस आणि बांगड्याचं आतडं: बायोटिन लावलेल्या लेक्टिननं टिश्यूतल्या शर्करा शोधताना

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी किंवा पीएचडीच्या सुरुवातीला पहिल्यांदाच लेक्टिन हातात घेणाऱ्यांसाठी हे लिहितोय. रत्नागिरी, दापोली, मालवण, अलिबाग, कुठेही बसून हे काम होतं. मायक्रोटोम, ओव्हन, साधा सूक्ष्मदर्शक आणि भरवशाचा फ्रीज एवढ्यावर भागतं. अडतं ते दुसरीकडे. स्लाइडवर तपकिरी रंग कुणालाही आणता येतो. तो रंग अमुक शर्करेमुळेच आला, हे तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकाला पटवून देताना घाम फुटतो. म्हणून खाली कृतीपेक्षा कंट्रोलवर (तुलनेसाठी केलेल्या स्लाइडांवर), आणि आपल्याच प्रयोगशाळेतल्या कपाटात दडलेल्या घोळांवर जास्त लिहिलंय.

थोडी पार्श्वभूमी. लेक्टिन म्हणजे ठरावीक शर्करेला धरणारं प्रथिन. १८८८ साली स्टिलमार्क या संशोधकानं एरंडाच्या बियांच्या अर्कानं रक्तपेशींच्या गुठळ्या होतात हे दाखवलं, तिथून या विषयाची सुरुवात धरतात. आपल्याला विशेष वाटावं असं की यातली बरीच मंडळी आपल्या स्वयंपाकघरातलीच आहेत. ज्या कुळथाची आपण पिठी करतो, त्याच्या लेक्टिनला डीबीए म्हणतात, आणि रक्तपेढ्या ए-१ व ए-२ हे रक्ताचे उपगट वेगळे करायला ते वापरतात. फणसाच्या आठळ्यांतलं जॅकलिन, शेंगदाण्यातलं पीएनए, सोयाबीनमधलं एसबीए, गव्हाच्या अंकुरातलं डब्ल्यूजीए. पेशींवरच्या प्रथिनांना आणि स्निग्ध पदार्थांना शर्करेच्या साखळ्या लागलेल्या असतात. त्यांच्या टोकाला काय आहे हे ही लेक्टिनं ओळखतात.

लेक्टिन डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला बायोटिन जोडतात. बायोटिनचा रेणू जेमतेम २४४ डाल्टनचा, त्यामुळे लेक्टिनच्या पकडीत सहसा आड येत नाही. बायोटिनला स्ट्रेप्टॅव्हिडिन असं घट्ट धरतं की ती जोडी धुऊन सुटत नाही. स्ट्रेप्टॅव्हिडिनला आधीच पेरॉक्सिडेज हे विकर जोडलेलं असतं आणि ते डीएबी या रसायनातून तपकिरी साका तयार करतं. शर्करा, लेक्टिन, बायोटिन, स्ट्रेप्टॅव्हिडिन, पेरॉक्सिडेज, रंग. ही साखळी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. पुढे काहीही बिघडलं तर बिघाड यातल्याच एका कडीत असतो.

## १. आधी प्रश्न ठरवा, मग लेक्टिन मागवा

बारा लेक्टिनांचा संच मागवायचा मोह होतो. तो टाळा. सुरुवातीला चार पुरेत:

- कॉन-ए (कॉनकॅनाव्हॅलिन-ए): मॅनोज आणि ग्लुकोज (अल्फा जोडणीचे). जवळजवळ प्रत्येक पेशीत काहीतरी पकडतं, म्हणून कृती जमतेय का हे पाहायला चांगलं, नेमका निष्कर्ष काढायला कमकुवत.
- डब्ल्यूजीए: एन-ॲसिटिल ग्लुकोसामीन, आणि सियालिक आम्लसुद्धा (साखळीच्या टोकाला बसणारी आम्लधर्मी शर्करा). या दुहेरी स्वभावामुळे डब्ल्यूजीएवर एकट्यावर निष्कर्ष टाकू नका.
- पीएनए: गॅलॅक्टोज–एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन ही जोडी, पण तिच्यावर सियालिक आम्ल बसलेलं नसेल तरच.
- डीबीए: टोकाला असलेलं एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन (अल्फा जोडणीचं).

पाचवं घ्यायचंच तर जॅकलिन घ्या. पीएनए जी जोडी ओळखतं तीच हेही ओळखतं, पण वर सियालिक आम्ल असलं तरी चालवून घेतं. एकाच टिश्यूत पीएनए कोरं आणि जॅकलिन गडद आलं, तर जोडी तिथे असावी पण झाकलेली असावी, असा पहिला अंदाज बांधता येतो. त्याची खातरजमा पुढे आठव्या टप्प्यात.

त्याहीआधी एक स्वस्त काम उरका. त्याच टिश्यूवर पीएएस (शर्करा किरमिजी दाखवणारी रंगकृती) आणि पीएच २.५ चं अल्शियन ब्लू (आम्लधर्मी श्लेष्म निळा करणारं रंगद्रव्य) करून घ्या. आम्लधर्मी श्लेष्म कुठे, उदासीन कुठे, हे दोन दिवसांत कळतं. हे न करता थेट लेक्टिनवर उडी मारणारे नंतर पैसे आणि वेळ दोन्ही घालवतात.

एक सूचना गंभीरपणे घ्या. बिया आपल्या परसात आहेत म्हणून गुंज किंवा एरंडापासून घरगुती अर्क काढायच्या भानगडीत पडू नका. ॲब्रिन आणि रायसिन ही जीवघेणी विषं आहेत.

## २. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं फार नाहीत, पण उशिरा आठवली तर महिना जातो:

- प्राणी-नैतिकता समितीचं पत्र. बंदरावर मेलेला मासा विकत घेतलात तरी समितीला लेखी विचारून ठेवा. नियतकालिकं हे पत्र मागतात.
- रसायनांची सुरक्षा-पत्रकं, विशेषतः डीएबी आणि फॉर्मेलिनची.
- नमुन्यांची नोंदवही: जात, जागा, पकडल्याची वेळ, फॉर्मेलिनमध्ये टाकल्याची वेळ. शेवटच्या दोन वेळा न चुकता.

सामान: बायोटिनयुक्त लेक्टिनं, त्यांच्या स्पर्धक शर्करा (यादी आठव्या टप्प्यात), स्ट्रेप्टॅव्हिडिन-पेरॉक्सिडेज, डीएबी, हायड्रोजन पेरॉक्साइड, शुद्ध प्रतीचं बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन), बफरसाठी हेपीस किंवा ट्रिस, कॅल्शियम क्लोराइड, मँगनीज क्लोराइड, पॉली-लायसिन किंवा सायलेन लावलेल्या स्लाइडा, हिमॅटॉक्सिलिन, डीपीएक्स (वरची काच चिकटवायला), आणि ओलसर पेटी. पेटी विकत घेऊ नका. झाकणाचा चपटा प्लॅस्टिकचा डबा, तळाला ओला टिपकागद, वर काचेच्या दोन नळ्या आडव्या. झालं.

लेक्टिन थंड पेटीतून येतं. कोकणात कुरियरचा शेवटचा टप्पा नेहमी रेंगाळतो, त्यामुळे माल आठवड्याच्या सुरुवातीला निघेल असंच सांगा. शनिवारी आलेलं पार्सल सोमवारपर्यंत कुठल्यातरी गोदामात उकडत पडतं. आल्याबरोबर विरघळवून छोट्या छोट्या नळ्यांत वाटा आणि उणे २० अंशाला ठेवा. एकदा वितळलेली नळी परत गोठवायची नाही. पावसाळ्यात वीज तास-तास जाते हे गृहीत धरा: नळ्यांचा डबा थर्माकोलच्या पेटीत, भोवती बर्फाचे पॅक, आणि अख्खी पेटी फ्रीझरमध्ये.

## ३. नमुना: बंदरावरून प्रयोगशाळेपर्यंत

बांगड्याचं आतडं मेल्यावर फार लवकर स्वतःलाच पचवायला लागतं. आधी नष्ट होतो तो आपल्याला हवा असलेला आतला थर. त्यामुळे बर्फात दोन दिवस राहून आलेल्या बोटीवरचा मासा, खायला कितीही उत्तम असला तरी, या कामाला नको. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराला जात असाल तर त्याच पहाटे गेलेल्या छोट्या होडीची वाट बघा. मालवणकडे असाल तर रापण गाठा. जाळं वाळूवर ओढलं जातं तेव्हा मासा तडफडतच असतो, आणि फॉर्मेलिनची बाटली तुमच्या पिशवीत तयार असते. याहून ताजा नमुना मिळत नाही.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारीला बंदी असते. प्रकल्पाचं वेळापत्रक आखताना हे विसरणारे दर वर्षी भेटतात. तेव्हा खाडीतल्या निवट्या (चिखलातले छोटे मासे) किंवा तिसऱ्या (शिंपल्या) घ्या. तिसऱ्यांच्या कल्ल्यांत श्लेष्मपेशी भरपूर असतात.

फॉर्मेलिन उदासीन बफरमधलंच हवं: बाजारातलं फॉर्मेलिन १०० मिलि, ऊर्ध्वपातित पाणी ९०० मिलि, सोडियम डायहायड्रोजन फॉस्फेट (मोनोहायड्रेट) ४ ग्रॅम, निर्जल डायसोडियम फॉस्फेट ६.५ ग्रॅम. नुसतं पाणी घालून केलेलं फॉर्मेलिन आम्ल होतं आणि रक्त असलेल्या भागात काळपट-तपकिरी कण सोडतं. डीएबीचा रंगही तपकिरी. पुढे काय होतं ते वेगळं सांगायला नको.

आतड्याचे ५ मिमीपेक्षा जाड तुकडे करू नका, द्रव तुकड्यांच्या दहापट तरी असू द्या, २४ तासांनंतर ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवा. पेशींच्या वर पसरलेला श्लेष्माचा पातळ थरच अभ्यासायचा असेल तर फॉर्मेलिन सोडा आणि कार्नॉय (अल्कोहोल, क्लोरोफॉर्म आणि ॲसेटिक आम्लाचं मिश्रण) घ्या; फॉर्मेलिनमध्ये तो थर आक्रसतो, पुष्कळदा धुऊनच जातो. कल्ल्याच्या कमानीतलं हाड मऊ करायला ईडीटीए वापरलं तर नंतर भरपूर धुवा. कॉन-ए, डीबीए, एसबीए यांना कॅल्शियमसारखे धातू लागतात, आणि ईडीटीए नेमके तेच ओढून घेतं.

## ४. सेक्शन, आणि अंड्याचा पांढरा

मेणाचा ब्लॉक आणि ४ ते ५ मायक्रॉनचे सेक्शन (पातळ काप), हे नेहमीसारखंच. पण स्लाइडला काय लावता ते बघा.

आपल्याकडच्या बऱ्याच प्राणिशास्त्र विभागांत स्लाइडला मेयरचं अल्ब्युमिन चोळतात, म्हणजे अंड्याचा पांढरा आणि ग्लिसरीन. साध्या हिमॅटॉक्सिलिन-इओसिनला ते उत्तम. इथे मात्र ते विष समजा. अंड्याच्या पांढऱ्यात ॲव्हिडिन असतं, म्हणजे बायोटिनला धरणारं प्रथिन. शिवाय त्यात शर्करायुक्त प्रथिनांची रेलचेल, त्यांना कॉन-ए आणि डब्ल्यूजीए आनंदानं चिकटतात. परिणामी टिश्यू नसलेली मोकळी काचसुद्धा तपकिरी होते, आणि विद्यार्थी महिनाभर लेक्टिन पातळ करत बसतो. पॉली-लायसिन किंवा सायलेनच्या स्लाइडा घ्या, आणि जुन्या डब्यातल्या 'तयार' स्लाइडांवर काय लावलंय ते प्रयोगशाळा सहायकाला विचारल्याशिवाय वापरू नका.

पावसाळ्यात स्लाइडा नुसत्या हवेवर वाळत नाहीत. वरून कोरड्या दिसतात, खाली ओल राहते आणि पेरॉक्साइडच्या टप्प्याला सेक्शन तरंगत निघून जातो. ३७ अंशाला रात्रभर, मग वापरण्याआधी ६० अंशाला अर्धा-पाऊण तास.

## ५. मेण काढणं आणि तीन प्रकारचं ब्लॉकिंग

झायलीन ५ मिनिटं दोनदा, मग अल्कोहोलची उतरत्या प्रमाणाची भांडी १००, ९०, ७० टक्के, मग पाणी. प्रतिपिंडांसाठी करतात तसं उकळवणं इथे बहुधा लागत नाही.

पेरॉक्सिडेज: टिश्यूत, विशेषतः रक्तपेशींत, स्वतःचं पेरॉक्सिडेजसारखं काम करणारं द्रव्य असतं. मिथेनॉलमध्ये ०.३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड, ३० मिनिटं. कल्ल्यात रक्त फार, तिथे हा टप्पा गाळायची सोय नाही.

बायोटिन: यकृत, वृक्क आणि मायटोकॉन्ड्रिया भरपूर असलेल्या पेशींत मुळातच बायोटिन असतं. ते झाकायचे तयार संच मिळतात, पण त्यात बहुधा अंड्याचं ॲव्हिडिन असतं आणि त्याला स्वतःलाच मॅनोजच्या साखळ्या असतात. म्हणजे झाकायला गेलात आणि कॉन-एला नवी जागा करून दिलीत. लेक्टिनच्या कामात आधी स्ट्रेप्टॅव्हिडिन, मग मोकळं बायोटिन, प्रत्येकी १५ मिनिटं, मध्ये नीट धुणं. स्ट्रेप्टॅव्हिडिनला साखळ्या नसतात. बांगड्याच्या आतड्याला बहुधा याची गरज पडत नाही, यकृताला पडतेच.

इतर चिकटपणा: इथे प्रतिपिंडांच्या कामातून आलेली मंडळी सवयीनं सीरम किंवा दूधपावडर ओततात. दोन्हींत शर्करायुक्त प्रथिनं असतात, दुधात वर बायोटिनही. त्याऐवजी शुद्ध प्रतीचं बीएसए १ टक्का, ३० मिनिटं. तरी पार्श्वभूमी गढूळ राहिली तर धुण्याच्या बफरमध्ये ०.०५ टक्के ट्वीन-२०.

## ६. लेक्टिन

बफर: हेपीस १० मिलिमोलर, मीठ ०.१५ मोलर, पीएच ७.५, कॅल्शियम क्लोराइड ०.१ मिलिमोलर, कॉन-एसाठी मँगनीज क्लोराइड ०.०१ मिलिमोलर. एका लिटरला हेपीस २.३८ ग्रॅम, मीठ ८.८ ग्रॅम आणि कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट साधारण १५ मिलिग्रॅम. हाताशी असलेलं फॉस्फेट बफर घेऊ नका, कारण फॉस्फेट कॅल्शियमला खाली बसवतं. टिकावं म्हणून बफरमध्ये सोडियम अझाइडही घालू नका; ते पेरॉक्सिडेजला मारतं.

लेक्टिन १० मायक्रोग्रॅम प्रति मिलिपासून सुरू करा आणि सोबत २, ५ आणि २० सुद्धा करून बघा. ओलसर पेटीत, खोलीच्या तापमानाला ४५ मिनिटं ते तास. एप्रिल-मेच्या दुपारी आपल्याकडे 'खोलीचं तापमान' ३४ अंश असतं आणि सेक्शनवरचा थेंब कडेनं वाळतो. वाळलेली कड नंतर हमखास गडद येते, आणि फोटोत तीच सगळ्यांत सुंदर दिसते. पेटीचं झाकण घट्ट लावा. त्या दिवसांत मी तरी रात्रभर ४ अंशाला ठेवणंच पसंत करतो.

धुणं: बफर, ५ मिनिटं, तीनदा.

## ७. स्ट्रेप्टॅव्हिडिन आणि डीएबी

स्ट्रेप्टॅव्हिडिन-पेरॉक्सिडेज उत्पादकानं सांगितलेल्या प्रमाणात, ३० मिनिटं, पुन्हा तीनदा धुणं. डीएबी ०.०५ टक्के, त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ०.०१ ते ०.०३ टक्के, आयत्या वेळी मिसळलेलं. पहिली स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली बघत वेळ ठरवा. २ ते १० मिनिटांत काम होतं. ठरलेला वेळ मग त्या फेरीतल्या प्रत्येक स्लाइडला तोच, कंट्रोललाही तोच.

रंगच आला नाही तर लेक्टिनला दोष देण्याआधी पांढऱ्या टाइलवर डीएबीच्या थेंबात स्ट्रेप्टॅव्हिडिन-पेरॉक्सिडेजचा अगदी छोटा थेंब टाका. क्षणात तपकिरी व्हायला हवं. नाही झालं, तर बहुतेक वेळा पेरॉक्साइडची बाटली शिळी असते.

डीएबी कर्करोगकारक असल्याचा संशय आहे. हातमोजे घाला, आणि उरलेलं बेसिनमध्ये ओतू नका. वेगळ्या बाटलीत जमा करून संस्थेच्या घातक कचऱ्यात द्या.

हिमॅटॉक्सिलिन हलकं, अर्धा मिनिट. मग अल्कोहोल, झायलीन, डीपीएक्स.

## ८. कंट्रोल: खरा प्रयोग इथे आहे

प्रत्येक लेक्टिनसाठी, प्रत्येक फेरीत:

लेक्टिनशिवायची स्लाइड. लेक्टिनऐवजी नुसता बफर, बाकी सगळं तसंच. इथे रंग आला तर तो टिश्यूच्या पेरॉक्सिडेजचा, बायोटिनचा किंवा रंगद्रव्याचा. लेक्टिनचा नक्की नाही.

स्पर्धक शर्करेची स्लाइड. लेक्टिन त्याच्या आवडत्या शर्करेत आधी ३० मिनिटं मिसळून ठेवायचं आणि मग ते मिश्रण सेक्शनवर घालायचं. एसटीत चढण्याआधीच सगळ्या सीटवर रुमाल पडलेले असावेत तशी गत होते, आणि टिश्यूतल्या शर्करेला जागा उरत नाही. रंग नाहीसा झाला किंवा ठळकपणे उतरला तरच तो शर्करेचा. प्रमाण असं ठेवा:

- कॉन-ए: मिथाइल-अल्फा-मॅनोसाइड, ०.२ मोलर
- डब्ल्यूजीए: एन-ॲसिटिल ग्लुकोसामीन, ०.५ मोलर. तरी पूर्ण दबत नाही. कायटिनचं जलविघटन केलेलं द्रावण जास्त चांगलं.
- पीएनए: गॅलॅक्टोज, ०.२ मोलर
- डीबीए: एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन, ०.२ मोलर
- जॅकलिन: गॅलॅक्टोज, ०.८ मोलर

एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन महाग आहे, म्हणून डीबीएचं हे कंट्रोल गाळायची इच्छा होते. गाळायचं असेल तर डीबीएच गाळा.

हमखास रंग येणारी स्लाइड. डब्ल्यूजीएसाठी कोळंबीच्या मागच्या आतड्याचा तुकडा घ्या. त्याचं अस्तर कायटिनचं, म्हणजे एन-ॲसिटिल ग्लुकोसामीनच्याच साखळीचं असतं. आतल्या कडेला गडद रेघ उमटली नाही तर त्या फेरीतला कुठलाही 'नकारात्मक' निकाल मानू नका.

सियालिडेज. पीएनएपुरतं. सेक्शनवर सियालिडेज विकर (ॲसिटेट बफर, पीएच ५.५, ३७ अंश) काही तास ठेवून सियालिक आम्ल काढायचं, मग पीएनए. आधी कोरा असलेला भाग आता रंगला तर जोडी तिथे झाकलेली होती. शेजारी विकराविना नुसत्या त्याच बफरमध्ये ठेवलेली स्लाइड हवीच. एवढं करूनही काही न उमटलं तर लगेच 'जोडी नाही' म्हणू नका. ॲसिटिल गट लागलेलं सियालिक आम्ल या विकराला दाद देत नाही. आधी ७० टक्के अल्कोहोलमध्ये ०.५ टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडनं ते गट काढावे लागतात.

## ९. बघताना

आतड्यात गॉब्लेट पेशी शोधा: फुगीर, आत श्लेष्माचा गोळा. शेजारच्या पेशींच्या वरच्या काठावर सूक्ष्मांकुरांची पट्टी असते. गोळा रंगला, पट्टी रंगली, की दोन्ही, हे वेगवेगळं नोंदवा. 'आतडं +++' या नोंदीला काही अर्थ नाही.

डब्ल्यूजीएमध्ये केंद्रकाभोवती बारीक कडं दिसलं तर ते घाण समजून पुसून टाकू नका. केंद्रकपटलाच्या छिद्रांतल्या प्रथिनांवर एन-ॲसिटिल ग्लुकोसामीन असतं, आणि डब्ल्यूजीए त्याला धरतं.

निवटीच्या त्वचेत मात्र जपून. तिथे मेलॅनिन आहे, आणि मेलॅनिन विरुद्ध डीएबी हा तपकिरीवर तपकिरीचा मामला. काहीही न लावलेली स्लाइड शेजारी ठेवून बघा, किंवा पेरॉक्सिडेजऐवजी अल्कलाइन फॉस्फेटेज जोडलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन आणि लाल रंगद्रव्य घ्या. तेव्हा फॉस्फेटेज दाबणारं लेव्हामिसोल लागेल. आतड्याला हा लाल मार्ग नको. तिथलं फॉस्फेटेज लेव्हामिसोलला जुमानत नाही.

फोटो त्याच आठवड्यात काढा, सगळे एकाच प्रकाशमानाला. पावसाळ्यात भिंगांना बुरशी येते, तेव्हा भिंगं सिलिका जेलच्या डब्यात.

## १०. लिहिताना

'गॉब्लेट पेशींत गॅलॅक्टोज आढळलं' असं लिहू नका. तुम्ही गॅलॅक्टोज पाहिलेलं नाही. पीएनए कुठे बसलं ते पाहिलंय. 'गॉब्लेट पेशींतील श्लेष्म पीएनएला बांधला जातो, ०.२ मोलर गॅलॅक्टोजच्या उपस्थितीत हे बंधन नाहीसं होतं; सियालिडेजनंतर ते वाढतं' एवढं लिहिलंत तर परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहत नाही. पद्धतीच्या भागात लेक्टिनचा लॉट क्रमांक, अंतिम प्रमाण, बफरमधले धातू, स्थिरीकरणाचा वेळ आणि स्लाइडला काय लावलं होतं हे सगळं द्या. स्पर्धक शर्करेच्या स्लाइडचा फोटो परिशिष्टात ढकलू नका, मुख्य फोटोच्या शेजारीच, त्याच विशालनाला (मॅग्निफिकेशनला) छापा.